आवाजाच्या कृत्रिम प्रतिकृतीसाठी कलाकाराची संमती बंधनकारक करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,

थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून गायकाचा किंवा डबिंग कलाकाराचा आवाज आज हुबेहूब घडवता येतो आणि त्याने कधीच न उच्चारलेली वाक्ये त्याच्याच आवाजात विकता येतात. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. त्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र हे संरक्षण व्यक्तिमत्त्व हक्कावर आधारलेले आहे आणि तिथे वादीची प्रसिद्धी महत्त्वाची ठरते. जाहिरातींना, कार्टूनला, ऑडिओबुकला आवाज देणाऱ्या अनाम कलाकाराने ही प्रसिद्धी आणायची कोठून आणि दाव्याचा खर्च पेलायचा कसा? आवाजावर ज्याचे पोट आहे, त्याचा हक्क त्याच्या लौकिकावर अवलंबून असू नये.

कॉपीराइट कायद्यालाही हा भेद मान्य नाही. त्यातील कलाकाराच्या व्याख्येत अभिनेते, गायक, वादक यांच्या पंक्तीला जादूगार आणि गारुडीही आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना सादरीकरणावरचे आर्थिक व नैतिक हक्क दिले. पण हे हक्क प्रत्यक्ष झालेल्या सादरीकरणाचे आहेत. त्यातून यंत्राने घडवलेल्या नव्या आवाजाचा तिथे उल्लेख नाही. त्यामुळे एकदा दिलेले ध्वनिमुद्रण त्या कलाकाराचेच पुढचे काम हिरावून घेऊ शकते.

आपल्या विभागाच्या डिसेंबर २०२५ च्या कार्यपत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा परवाना आणि त्याबदल्यात मानधन सुचवले आहे. मानधनाचे तत्त्व योग्यच आहे. पण त्यात नकाराचा अधिकार उरत नाही. न पटणाऱ्या प्रचारात किंवा अश्लील मजकुरात स्वतःचा आवाज ऐकावा लागला, तर त्याची भरपाई पैशाने होत नाही. नक्कल पूर्वीपासून चालत आली आहे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु नकलाकार स्वतःचा गळा आणि स्वतःची मेहनत वापरतो. त्याच्यावर बंधन असावे, असे आम्ही म्हणत नाही. संमतीच्या अटीने उद्योग अडेल, ही भीतीही निराधार आहे, कारण स्टुडिओत करारावर सही आजही घेतलीच जाते. त्यात एक स्वतंत्र कलम वाढेल, इतकेच. आजाराने वाचा गेलेल्यांना त्यांचा आवाज परत देणारे तंत्रज्ञानही संमतीनेच चालते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. आवाजाची प्रतिकृती बनवण्यासाठी कलाकाराची लेखी, स्वतंत्र, हेतू व मुदत नमूद केलेली संमती बंधनकारक करावी.
२. जुन्या करारांतील 'सर्व हक्क' या शब्दांना अशी संमती मानू नये.
३. संमती दिलेल्या प्रत्येक वापरासाठी मानधन आणि ठळक श्रेयनिर्देश असावा.
४. तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर विनाशुल्क यंत्रणा उभारावी.

दुरुस्तीचा मसुदा अंतिम करण्यापूर्वी डबिंग कलाकार व लोककलावंतांच्या प्रतिनिधींना सुनावणीची संधी द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
महाराष्ट्रातील डबिंग कलाकार, गायक व लोककलावंत