निंजांची विद्या आणि निंजांचा बाजार

निंजा म्हटले की एक ठराविक मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते : नखशिखांत काळा वेष, पाठीवर तलवार, हातात लोखंडी चक्र आणि क्षणार्धात धुरात नाहीशी होणारी काया. चित्रपटांनी ही मूर्ती घडविली, मुलांच्या चित्रकथांनी ती रंगविली आणि आता देशोदेशींच्या व्यायामशाळा ती मासिक शुल्क घेऊन विकीत आहेत. ही मूर्ती खोटी आहे एवढेच सांगावयाचे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु तिच्यापायी एक खरी विद्या झाकोळली जात आहे, आणि परंपरेचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारावा असा एक प्रश्न त्यातून उभा राहिला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इगा आणि कोगा हे जपानमधील दोन शेजारचे डोंगराळ मुलूख. पैकी इगा आज मिए प्रांतात मोडतो, तर कोगा शिगा प्रांतात. येथील लहानसहान जमीनदार घराणी एकजुटीने आपला कारभार पाहत आणि प्रसंगी शेजारच्या सरदारांना हेरगिरीसाठी माणसे पुरवीत. इ. स. १५७९ मध्ये ओदा नोबुनागाचा पुत्र इगावर चालून गेला आणि मार खाऊन परतला. त्याचा सूड म्हणून १५८१ मध्ये नोबुनागाने प्रचंड सैन्य धाडून तो मुलूख बेचिराख केला. पुढच्याच वर्षी नोबुनागाचा अंत झाला, आणि संकटात सापडलेला तोकुगावा इएयासू इगाच्या डोंगरवाटांनी सुखरूप स्वगृही पोचला. हात्तोरी हान्झो आणि इगाचे लोक यांनी त्या वेळी त्यास साहाय्य केले, असे परंपरा सांगते. त्या हान्झोचे नाव टोकियोतील एका वेशीला आणि भुयारी रेल्वेच्या एका मार्गाला आजही आहे.

पुढे देशात शांतता नांदू लागली. १६३७-३८ च्या शिमाबारा येथील बंडात कोगाच्या माणसांनी टेहळणी केली खरी. परंतु त्यानंतर या विद्येला फारसे काम उरले नाही. विद्येचे काम संपत आले तेव्हा तिचे ग्रंथ झाले. १६७६ चा ‘बान्सेन्शुकाई’ आणि १६८१ चा ‘शोनिन्की’ हे त्यांतील प्रमुख. त्यांत काय आहे? वेषांतर आहे, माणसाच्या स्वभावाची पारख आहे, दारूगोळा आहे, हवामानाची लक्षणे आहेत. ‘बान्सेन्शुकाई’मध्ये तर शस्त्रे व युक्त्या येण्यापूर्वीच शुद्ध अंतःकरणाचे प्रकरण येते, कारण ते नसेल तर ही सारी विद्या चोरीची विद्या ठरेल, ही त्यामागील दृष्टी. या विद्येच्या नावातील ‘निन्’ या अक्षराचा एक अर्थ लपणे असा आहे, आणि दुसरा सोसणे असा. काळ्या वेषाचे म्हणाल, तर तो चित्रांनी आणि रंगभूमीने रूढ केला. होकुसाईने १८१७ मध्ये दोरावरून चढणारा काळा वेषधारी चितारला, तो कल्पनेचा विलास होय. खरा शिनोबी भिक्षू, व्यापारी वा खेळ करणारा डोंबारी होऊन हिंडे. ज्याला पाहताच ओळखावे असा हेर काय कामाचा?

आता आजचा बाजार पाहा. २०१८ मध्ये इगात निंजांची टंचाई असून भरघोस पगाराच्या जागा रिकाम्या आहेत, अशी वार्ता जगभर पसरली आणि अखेर नगरपालिकेस तिचा जाहीर इन्कार करावा लागला. २०२० मध्ये त्याच इगाच्या निंजा संग्रहालयातून चोरांनी तिजोरीच उचलून नेली! प्रवाशांच्या रंजनासाठी कोणी निंजाचे सोंग घेतले तर त्यास आमचा आक्षेप नाही. सोंगाला सोंग म्हटले की ते प्रामाणिक होते. आमचा आक्षेप आहे तो शतकांच्या अखंड वंशावळीचा दाखला देऊन शिष्य गोळा करण्याला. हात्सुमी मासाआकी यांच्या बुजिनकान संस्थेने कित्येक देशांत शिष्य घडविले. तथापि तिच्या तोगाकुरे परंपरेच्या वंशावळीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्या व्यायामाने शरीर कणखर होते आणि मन स्थिर होते, त्याला चौतीस पिढ्यांची प्रतिष्ठा कशाला हवी? तो स्वतःच्या बळावर उभा राहील.

येथे आमच्याच घरातील एका हौसेचाही समाचार घेणे प्राप्त आहे. शिनोबींना पूज्य असलेली मारिशितेन म्हणजे आपली मारीची, त्यांच्या हस्तमुद्रांचे मूळ भारतीय तंत्रमार्गात, आणि गूढपुरुषांचे वर्णन तर कौटिल्याने केलेच आहे. तस्मात् निंजाविद्या आमचीच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पहिली दोन विधाने खरी आहेत. बौद्ध धर्माबरोबर ती देवता व त्या मुद्रा चीनमार्गे जपानात पोचल्या. परंतु मुद्रांबरोबर उच्चारावयाची नऊ अक्षरे चिनी ताओपंथीय ग्रंथातून आली आहेत, हेरगिरीचा विचार सुन्-त्झूच्या युद्धशास्त्राने पोसला आहे आणि डोंगर तर इगाचेच आहेत. आपल्या देवळातील समई शेजाऱ्याने उजळली, तर त्याचे घर आपले होत नाही.

राहिला मुख्य प्रश्न. कोगाच्या बान घराण्याची विद्या लाभलेले कावाकामी जिनिची (जन्म १९४९) यांनी बालपणी ज्योतीवर दृष्टी खिळविण्याचा आणि सुई पडल्याचा आवाज टिपण्याचा अभ्यास केला. परंतु हेरगिरीची आणि विषप्रयोगाची ही विद्या या काळात उपयोगाची नाही, म्हणून आपण वारस नेमणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. यावर ‘हा गुरुपरंपरेचा घात आहे’ असा आक्षेप घेतला जातो. तो वरवरचा नाही. मुखोद्गत विद्या एकदा तुटली की पुन्हा जुळत नाही, हे देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या कलांची हानी पाहिलेल्या आम्हांस कोणी शिकवावयास नको.

तरीही आम्ही कावाकामींच्या बाजूचे आहोत. ज्याचा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये, ते शिकविण्याचे ढोंग करण्यापेक्षा परंपरा सन्मानाने मिटविणे हेच गुरूला शोभते. शिवाय त्यांनी विद्या पुरून टाकली नाही. मिए विद्यापीठात ती अभ्यासकांच्या स्वाधीन केली. तेथे २०१७ मध्ये निंजा संशोधन केंद्र निघाले, आणि २०२० मध्ये या विषयातील पहिली उच्च पदवी दिली गेली. तो पहिला पदवीधर अभ्यासाबरोबर शेतीही करी. कारण जुने शिनोबी शेतकरीच होते, हे त्यास ठाऊक होते.

निंजांचे आजचे कार्य आमच्या मते हेच आहे : जुनी हस्तलिखिते वाचणे, औषधी ओळखणे, सोशीकपणा आणि सावधानता अंगी बाणविणे, आणि जे मेले त्यास मेले म्हणणे. परंपरेचे प्रेत सजवून त्याची मिरवणूक काढणे ही भक्ती नव्हे. तिचे सत्त्व जपणे आणि कलेवराला अग्नी देणे, ही दोन्ही कर्तव्ये वारसाचीच असतात. त्यांतील दुसरे टाळणाऱ्याने पहिल्याचा अभिमान मिरवू नये.