पवनचक्कीच्या पायाखालचं

'मोठ्या पवनचक्क्या भूकंपात टिकतील का?' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कुठल्या जमिनीवरच्या, ते आधी सांगा!

मोठी पवनचक्की सावकाश डुलते, एका झोक्याला साधारण ३ सेकंद. कोयनेजवळ वनकुसवड्याच्या पठारावर खाली बसाल्ट आहे. खडकातले धक्के झटपट असतात, त्यामुळे मनोऱ्याचा मुख्य झोका बराचसा वाचतो. मऊ गाळ मात्र संथ लाटा वाढवतो, वर पायाही सैल धरतो. २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादेत इमारती कोसळल्या, त्यात खालच्या गाळाचाही हात होता.

म्हणून 'कोयनेत १९६७ साली मोठा भूकंप झाला होता' एवढं कळून भागत नाही. आमच्या चाकणला एका साच्यातून हजार सुटे भाग काढतात. जमीन तशी निघत नाही. कोयनेचा पाया कच्छला कॉपी-पेस्ट करणं म्हणजे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं 'माझ्या मशीनवर तर चालतंय की!' फरक इतकाच, की आम्ही नंतर पॅच देतो. काँक्रीटच्या पायाला कसला पॅच देणार?

प्रत्येक मनोऱ्याखाली बोअर घेऊन माती तपासलीच पाहिजे. आणि तो अहवाल शेजारच्या गावालाही वाचायला मिळाला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?