छायाचित्रातील प्रवास आणि वर्गाचा दाखला

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. टिंडरसारख्या २०१२ पासूनच्या मंचांवर जोडीदार शोधणारे तरुण आज तिचाच प्रत्यय देत आहेत. कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या पोशाखात छायाचित्र घ्यायचे हे आधी ठरते, सहल मागाहून. मॉस्कोत तर २०१७ मध्ये जमिनीवरच उभे असलेले खासगी विमान छायाचित्रांसाठी भाड्याने मिळू लागले!

परंतु या तरुणांची चेष्टा करून भागणार नाही. भरपगारी रजा आणि शिल्लक पैसा ज्याच्यापाशी आहे, त्यालाच असा प्रवास परवडतो. साहजिकच हे छायाचित्र वर्गाचा दाखला ठरते. वधूवरांच्या जाहिरातीतील मिळकतीचा रकाना आपण धिक्कारला. तोच आता हिमशिखराआडून परतत असेल, तर आपण गप्प बसणार काय?