ताटाचा नवा क्रम

वजन उतरविण्यासाठी करावयाच्या जठराच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुधा रुग्णालयाच्या दारातच संपते. खर्च किती, विमा मंजूर होईल काय, किलो किती उतरतील, कामावर केव्हा रुजू होता येईल, एवढ्या प्रश्नांचा निकाल लागला की नातेवाइकांचे समाधान होते. परंतु ज्या अवयवावर शस्त्र चालले त्याला लगेच पुन्हा आपले काम सुरू करावयाचे असते, आणि ते काम नेमून देण्याचा अखत्यार घरी स्वयंपाक करणाऱ्या माणसाकडे जातो, याची दखल फारशी कोणी घेत नाही.

'स्लीव्ह' या नावाने आज प्रचलित असलेल्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि जी अरुंद नळी उरते तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटरच मावते. जठराच्या 'बायपास' शस्त्रक्रियेत वरच्या बाजूस राखलेली पिशवी तर 30 मिलिलिटरच्या आसपास असते. म्हणून पहिले एक-दोन दिवस नितळ द्रव, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध-ताकासारखे दाट द्रव, त्यापुढे घोटलेले, नंतर मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी घट्ट अन्न, अशा पायऱ्या असतात. त्यांची मुदत ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवावयाची. मात्र या पायऱ्यांचा जो छापील तक्ता रुग्णाच्या हाती पडतो तो पुष्कळदा अमेरिकेतील स्वयंपाकघरावरून उतरवून घेतल्यासारखा असतो. त्यात ब्रॉथ असते, जेली असते, कॉटेज चीज असते, आणि सांगली-साताऱ्याकडील गृहिणीने तो वाचून घडी घालून कपाटात ठेवला तर तिला दोष देता येत नाही.

मग ती आपल्या परंपरेकडे वळते. आजाऱ्याला पेज द्यावी, वरणाचे पाणी द्यावे, चार दिवसांनी मऊ भातावर तूप-मेतकूट घालावे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे आणि अन्नाच्या पोताविषयी त्यातील शहाणपण निर्विवाद आहे; जे गिळावयास सोपे आणि जठरास सौम्य, तेच तो सुचवितो. त्याची उणीव निराळ्या ठिकाणी आहे. या शस्त्रक्रियेनंतर दिवसाकाठी निदान 60 ग्रॅम प्रथिने पोटात जावीत अशी अपेक्षा असते, कारण ती न मिळाल्यास शरीर चरबीबरोबर आपले स्नायूही खर्ची घालते, जखम भरण्यास विलंब लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तसेही होणारे केस गळणे अधिक वाढते. पेजेत प्रथिने नाममात्र. वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम. केवळ वरणावर हा हिशेब पुरा करावयाचा तर दहा-बारा वाट्या लागतील, आणि इकडे एक वाटी संपविण्यासच अर्धा तास लागतो! तेव्हा पहिल्या आठवड्यांत प्रथिनांची भुकटी दुधात किंवा ताकात कालवून घेण्यावाचून फारसे गत्यंतर नाही. ती 'बाजारी' म्हणून नाक मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांची समजूत घरच्यांनीच काढावी.

पुढे घोटलेले आणि मऊ अन्न सुरू झाले की मात्र आपले स्वयंपाकघर कोणत्याही परदेशी तक्त्याला हार जाणार नाही. मुगाचे कढण, कुळथाचे पिठले, हरभऱ्याच्या डाळीचे सैल पिठले, मऊ भुर्जी, कुस्करलेले पनीर, कोकणात आजाऱ्यासाठी म्हणून मुद्दाम आणतात ती मुडदुशी, काटे काढून पातळ रश्शात शिजविलेली: यांतले काहीही परके नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या सुमारास. बदलावयाचा आहे तो ताटातील ज्येष्ठताक्रम. आपल्याकडे वरण-भाताने आरंभ होतो आणि भाकरी किंवा पोळी हे जेवण मानले जाते, बाकीचे तोंडीलावणे. आता तोंडीलावण्याला अग्रपूजेचा मान द्यावयाचा, त्यामागून भाजी, आणि जागा उरलीच तर धान्य. ताटाजवळ पाण्याचा तांब्या ठेवण्याची रीतही तहकूब करावी. पाणी आणि ताक जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोटाघोटाने.

गोडाविषयी थोडे अधिक स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. लहान झालेले जठर भाकरीला अडविते, बासुंदीला अडवीत नाही. चहा, श्रीखंड, शिरा, फळांचे रस हे सारे विनातक्रार खाली उतरते. बायपास झालेल्यांना अशा गोडाने छातीत धडधड, घाम आणि जुलाब होतात, म्हणजे निदान शिक्षा तरी तत्काळ मिळते, परंतु स्लीव्ह झालेल्या कित्येकांना तीही मिळत नाही आणि दोन वर्षांनी वजन पुन्हा का चढू लागले याचे कोडे पडते.

आग्रहाचा प्रश्न याहून बिकट आहे. 'आमच्यासाठी एवढा एक घास' या प्रेमळ फर्मानाने जो घास पोटात जातो तो येथे उलटीवाटे परत येतो. अशी उलटी दिवसामागून दिवस चालू राहिली तर तिला पित्त म्हणून सोडून देणे धोक्याचे. 'ब1' जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा काही आठवड्यांतच सरतो, आणि तो सरल्यास मेंदूस व मज्जातंतूंस कायमची इजा होऊ शकते. त्या वेळी लिंबू-साखरपाणी पाजीत न बसता तातडीने डॉक्टरांकडे जावे. पहिल्या काही महिन्यांत साबुदाण्याच्या उपवासालाही रजा द्यावी. देवाची त्यास हरकत असेल असे वाटत नाही.

गोळ्यांचे प्रकरण तर जन्माचे आहे. ब12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची तूट शस्त्रक्रियेनंतर सहज पडते, शाकाहारी घरांत ब12 आधीच बेताचे असते, आणि वजन उतरून प्रकृती ठणठणीत वाटू लागली की गोळ्या प्रथम बरखास्त होतात. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे लागते, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास तिचा बराचसा गुण वाया जातो, हे तपशील रुग्णाच्या स्मरणशक्तीवर सोपविणे योग्य नव्हे.

रुग्णालयांना माझी सूचना साधी आहे. रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्याच्या घरी जो कोणी स्वयंपाक करतो, मग ती आई असो, पत्नी असो, मुलगा असो की डबा देणाऱ्या मावशी, त्या व्यक्तीस आहारतज्ज्ञांनी अर्धा तास समोर बसवून घ्यावे. तक्ता मराठीत छापावा, ब्रॉथच्या जागी कढण आणि कॉटेज चीजच्या जागी पनीर लिहावे, वाटीचे माप मिलिलिटरांत द्यावे, आणि खाली पुढच्या रक्ततपासणीची तारीख घालून त्यावर त्या व्यक्तीची सही घ्यावी.