पल्ला किती, तास किती?

देशात फोन केला की मावशीचा प्रश्न ठरलेला, "काय रे, तिथून निघालास की पोचायला किती तास?" मी "पंधरा" म्हणून मोकळा होतो. गेल्या रविवारी मात्र नातीने पृथ्वीचा गोल पुढ्यात ठेवला, "आजोबा, दाखवा ना!" दोऱ्याचं एक टोक न्यूयॉर्कवर, दुसरं मुंबईवर धरून ताणलं. मला वाटलं होतं, दोरा स्पेन-इजिप्तवरून जाईल. तो निघाला ग्रीनलंडच्या टोकाजवळून, आइसलंडवरून, मग रशियावरून खाली! सपाट नकाशावरची सरळ रेघ गोलावर लांबची ठरते. दोऱ्याची वाट भरली सुमारे ७,८०० मैल, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर.

विमान ताशी साडेपाचशे मैल धरलं तर चौदा तासांहून थोडं जास्त. उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, म्हणून जाताना तो पाठीशी आणि येताना तोंडावर. परतीला दीड-दोन तास जास्त लागतात. शिवाय विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. २०२२ साली रशियाने अमेरिकन कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा वळसा आलाच.

घड्याळाची गंमत वेगळीच. हिवाळ्यात इथून रात्री नऊला निघा, साडेचौदा तास उडा, मुंबईत दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे दहा! परतताना मध्यरात्री एकला निघून सोळा तास बसलात, तरी न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला हजर.

१९६० साली एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला येऊ लागलं. न थांबता मुंबई गाठणारी विमानं इथून सुरू झाली ती २००६-०७ मध्ये. मधली सगळी वर्षं आपण युरोपात कुठेतरी बाकावर पेंगत काढली.

पण मंडळी, माझा खरा हिशेब फेब्रुवारी १९९२ चा. शुक्रवारी रात्री अकराला साताऱ्याहून फोन आला, "दादांचं बरं नाही, लगेच निघ." मी अमेरिकन नागरिक झालेलो, व्हिसाची मुदत केव्हाच संपलेली. चूक माझीच. शनिवार-रविवार तसेच गेले. सोमवारी व्हिसा, संध्याकाळी विमान. बुधवारी दुपारी घरी पोचलो. दादा मंगळवारी गेले होते. अग्नी धाकट्या भावाने दिला. फोनपासून उंबऱ्यापर्यंत शंभर तास झाले होते. त्यांतले हवेत वीससुद्धा नव्हते.

आता २००५ साली आलेल्या ओसीआय कार्डामुळे व्हिसाची ती पळापळ बऱ्याच जणांची वाचली आहे. तरी आज जेवणं झाली की एकदा कपाट उघडा. पासपोर्टची मुदत बघा, मुलांच्याही. कार्ड कुठे ठेवलंय ते बायकोला, नवऱ्याला सांगून ठेवा. मुंबईहून गावापर्यंत रात्रीबेरात्री गाडी कोण देईल, त्याचा नंबर लिहून ठेवा.

आमच्याकडे हे सगळं एका पिवळ्या पाकिटात असतं. परवा नातीने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सातारा".