शिवणीतली माया

पंधरावा रोजा झाला की गावातल्या शिंप्यांच्या दुकानांवर ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागते. त्यानंतर कापड घेऊन जाणाऱ्या बाईला एकच उत्तर मिळते, “आपा, आता रेडिमेडच बघा.” मग तरावीह आटोपली की बाजारात मध्यरात्रीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीत अलीकडे एक गंमत दिसते. मुली जे मागतात ते नवे नसतेच. घरारा, शरारा, अनारकली, चुडीदार. 2025 च्या रमजान ईदला तर फर्शी सलवारीची लाट आली. पाकिस्तानातून निघाली आणि मोबाइलवरून थेट आपल्या तालुक्याच्या पेठेत उतरली. जमिनीला टेकणारा असा घेर त्यांच्या आयांनी कधीच जुनाट ठरवून टाकला होता. आता त्याच आया मुलींसाठी त्याचाच भाव करत होत्या.

दुकानदार याला ‘विंटेज लूक’ म्हणतात. शब्दाशी माझे भांडण नाही. पण काही पोशाख पन्नास-शंभर वर्षांनी परत का येतात आणि काही दोन वर्षांत विसरले का जातात, याचे उत्तर मला फोटोपेक्षा उलट्या केलेल्या कपड्यात सापडते.

जुना घरारा आतून बघा. गुडघ्यापर्यंत बेताचा, गुडघ्याच्या जोडावर गोटा लावून शिवण झाकलेली, आणि तिथून खाली चुण्या घालून सोडलेला घेर. त्याला कितीतरी वार कापड लागे. शिंपी ज्याला ‘माया’ म्हणतात ती शिवणीच्या आत भरपूर सोडलेली असे. अंग भरले तर उसवून सैल करायचा, मुलीला द्यायचा तर आत घेऊन बेताचा करायचा. अगदीच विरला तर घेरातून एखादी कुर्ती किंवा लहानग्यांचे काहीतरी निघायचेच. अवधकडच्या चटापटीच्या घराऱ्यात तर रंगीत कापडाचे छोटे छोटे तुकडे जोडूनच नक्षी केलेली असते. जे आपण कातरण म्हणून झाडून टाकतो, तेच तिथे मिरवायचे!

आता आजचा रेडिमेड सूट उलटा करा. ओव्हरलॉकची धावती शिवण आणि तिच्या पलीकडे पाव इंचही कापड नाही. खांद्यावर तंग झाला म्हणून अल्टर करायला नेला तर शिंपी नुसता हातात फिरवून परत देतो. वीस वर्षांनी कुणाला ही फॅशन परत आणावीशी वाटली, तरी आणायला कपडा कुठे शिल्लक असेल?

अंगाला बरे वाटणे हेही एक कारण आहे आणि ते फारसे कुणी बोलत नाही. मशरूचेच घ्या. मशरू म्हणजे शरियतला मान्य असलेले. पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये, म्हणून विणकरांनी वर रेशीम आणि आत सूत असे हे कापड काढले. बायकांना रेशमाची मनाई नव्हतीच. तरी दक्षिणेत नि अवधमध्ये बायकांनीही मशरूचे पायजमे शिवून घेतले, कारण बाहेरून झळाळी आणि आतून उन्हाळ्यातही न टोचणारे सूत. आपल्या मराठवाड्यातले हिमरूही असेच रेशीम-सुताचे, किनखाबाच्या तोडीचे दिसावे म्हणून विणलेले. त्याचे विणकर आज औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्याच शहरातल्या दुकानांत पॉलिस्टरवर छापलेली हिमरूची नक्षी मात्र हवी तितकी मिळते. ती घालून मे महिन्यातल्या एखाद्या शादीच्या मंडपात दोन तास बसून बघावे.

जुने ते सगळे जसेच्या तसे जपावे, असे मात्र मी म्हणणार नाही. जसेच्या तसे काही टिकतही नाही. 1965 चा ‘वक्त’ आठवा. त्यात साधनाने घातलेला तंग कुर्ता आणि चुडीदार पुढे कॉलेजच्या मुलींनी वर्षानुवर्षे घातला. चुडीदार काही तेव्हा जन्मला नव्हता, तो शतकानुशतकांचा. पण त्याला नवा काट दिला भानू अथैया यांनी. या कोल्हापूरच्या मुलीने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकली, पुढे ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर आणला. जुन्याला कात्री लावायला हात सराईत हवा, एवढेच.

आणखी एक गोष्ट आमच्याच लोकांना सांगायची आहे. लखनवी घरारा किंवा हैदराबादी खडा दुपट्टा हाच ‘आपला पारंपरिक पोशाख’, असे मुली आता सहज बोलतात. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा तिकडच्या काही घरांत साधारण सहा वारांचा खडा दुपट्टा असेलही. पण फर्शी घेर म्हणजे ज्यांना चूल फुंकायची नव्हती त्यांचा पोशाख. खानदेशात, पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात आपल्या नान्या-दाद्यांपैकी कितीजणी घरारा घालत होत्या? बहुतेकजणी लुगडे नाहीतर साडीच नेसत. इरकलीच, लाल पदराची, शेजारच्या काकूंची असायची तशीच. आणि ते लुगडे विणायचे कोण? 1857 नंतर उत्तरेतून मालेगावात येऊन वसलेले मोमीन विणकर हातमागावर रंगीत लुगडी विणायचे, ती मराठी बायका नेसायच्या. बनारसी शालूचेही तेच. अन्सारी विणकराच्या मागावरून उतरलेला शालू आजही कितीतरी हिंदू नवऱ्या नेसतात. तेव्हा एखाद्या मुलीला ईदला खरेच जुने काही नेसायचे असेल, तर दादीचे इरकल काढावे. ते विकत मिळणाऱ्या घराऱ्यापेक्षा जास्त तिचे आहे. आत्याबाई नाक मुरडतील, मुरडू देत.

पण ते इरकल, तो शालू घरात उरला आहे का, हा खरा प्रश्न. दुपारी गल्लीत ‘जुनी जरीची साडीऽऽ’ अशी हाळी येते. वजनावर भाव होतो, दोन-चार हजार हातात पडतात, कपाटात जागा होते. तो शालू पुढे कुणी नेसत नाही. जरीतली चांदी काढण्यासाठी तो जाळतात. विणकराचे कित्येक दिवस, आईचा निकाह, सगळे मुठीएवढ्या चांदीत संपते. अडचणीला विकणाऱ्या बाईला मी बोल लावणार नाही, ती पदरची चांदीच विकते आहे. पण चांगल्या खात्यापित्या घरांतही हेच चालते, आणि त्याच घरातली लेक महिन्याभराने ‘विंटेज बनारसी’चे छापील ओढणीचे सेट मागवते, तेव्हा हसावे की काय करावे कळत नाही. आजच्या प्लॅस्टिकच्या जरीला जाळून तर राखही धड मिळणार नाही.

जुना कपडा ही हौस कोणाची, याचेही भान हवे. ईदला नवाच कपडा घाला असे कुठे सांगितलेले नाही. असलेल्यातला चांगला, स्वच्छ कपडा घालावा, अत्तर लावावे, उधळपट्टी करू नये, एवढेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून ज्यांच्याकडे निवडायला चार जोड आहेत त्यांनी जुना निवडावा, आणि एका ईदसाठी तीन-तीन सूट घेणे थांबवावे. ज्या घरातली पोर दरवर्षी दुसऱ्यांच्या मुलींचे उतरलेले कपडेच घालते, तिला मात्र कोऱ्या कापडाचा वास मिळू द्या. तिला जुन्याची महती सांगायला जाणे ही क्रूर थट्टा होईल. जकात-फित्र्यातून कपडे देणाऱ्या मंडळींनीही हे पाहावे. द्यायचेच तर नवे, आणि जरा माया सोडून शिवलेले द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षीही होईल.

राहता राहिले शिंपी. चाँदरातीला त्यांच्याकडून जुन्या साडीचा घरारा होणार नाही, हट्ट करू नका. ईद झाली की पंधरा दिवस त्यांचे मशीन तसे मोकळेच असते. तेव्हा अम्मीची साडी घेऊन जा, पदर कुठे घ्यायचा, काठ कुठे लावायचा हे बसून ठरवा, आणि आत निदान दोन बोटे माया सोडायला सांगा. बकरी ईदला तेव्हाही दीड-दोन महिने असतील.