गाऊन दाखवणं आणि गाणं

घरी पाहुणे आले की लहान मुलांना हमखास सांगितलं जातं, "काकूंना ती कविता म्हणून दाखव", "मामांना नाचून दाखव." मूल आधी आईच्या मागे लपतं. मग थोडं दटावल्यावर पुढे येतं, भरभर चार ओळी म्हणतं आणि लगेच आईच्या चेहऱ्याकडे बघतं. बरोबर म्हटलं ना? टाळ्या पडतात, कोणीतरी गालाला हात लावतं आणि मूल सुटल्यासारखं आत पळतं.

तेच मूल दुपारी एकटं खेळत असताना तीच कविता स्वतःशी म्हणत असतं. तेव्हा ते शब्द चुकवतं, एकच ओळ दहा वेळा घोळवतं, मध्येच स्वतःच्या दोन ओळी घुसडतं. कोणाकडेही बघत नाही. आपण दारातून डोकावलो आणि त्याच्या लक्षात आलं, तर गाणं तिथेच थांबतं.

कविता एकच, पण दोन्ही वेळचं मूल वेगळं. मराठीत हा फरक एका शब्दाने नेमका पकडला आहे. एकदा 'म्हणणं' असतं आणि एकदा 'म्हणून दाखवणं'. गंमत अशी की आपण मुलांना 'म्हण' असं क्वचितच सांगतो. 'दाखव' हा शब्द आपल्या तोंडात इतका बसला आहे की तो मागे जोडला जातोय हेही आपल्याला कळत नाही.

माळ्यावरची पेटी

या 'दाखवण्या'ने आपल्याकडच्या मुलींचा पाठलाग तर फार काळ केला. लग्नाच्या वयाची मुलगी 'दाखवायची' असे. चहापोहे घेऊन बाहेर यायचं, नाव-शिक्षण सांगायचं आणि मग मुलाकडचं एखादं वडीलधारं माणूस विचारायचं, "गाणंबिणं येतं का?" मग पेटी पुढे ओढली जायची.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संगीत हे प्रतिष्ठेनं, पद्धतशीर शिकण्याची गोष्ट आहे हे त्यांनी समाजाला पटवलं. पुढे या परंपरेतून परीक्षा आल्या, गावोगावी क्लास निघाले आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना गाणं शिकणं शक्य झालं. पुणे-नागपूरच्या असोत की इंदूर-बडोद्याच्या, कितीतरी मराठी मुली प्रवेशिका, मध्यमापर्यंत पोचल्या. हा मोठाच लाभ होता. पण कितीतरी घरांत या शिक्षणाचा हेतू आकसून एवढाच उरला, की मुलगी दाखवताना एक जमेची बाजू असावी.

म्हणून मग लग्न झालं आणि पेटी माळ्यावर गेली. सासरी कोणी गाण्याला विरोध केला असं दर वेळी नव्हतं. संसार, मुलं, नोकरी ही कारणं खरीच होती. तरी त्यामागे आणखी एक कारण असे. ज्यासाठी गाणं शिकवलं होतं ते काम संपलं होतं. दाखवून झालं होतं. आज पन्नाशी-साठीच्या एखाद्या बाईला "पूर्वी तुम्ही गात होतात ना?" असं विचारलं, तर ती ओशाळून हसते आणि म्हणते, "आता कोणाला ऐकवायचंय?"

हे उत्तर आपण सहज ऐकून सोडून देतो. पण त्याचा अर्थ असा होतो की ऐकणारा नसेल तर गाण्याला कारणच उरत नाही. एवढी वर्षं शिकलेली, कष्टाने कमावलेली गोष्ट आपली स्वतःची कधी झालीच नाही. ती कायम पाहुण्यांच्या मालकीची राहिली.

गाण्याचं झालं ते इतर गोष्टींचंही होतं. चांगली सून म्हणून दिसायचं, समाधानी गृहिणी म्हणून दिसायचं, कार्यालयात हसतमुख दिसायचं. दिवसभर कामाने जितकं दमायला होत नाही, तितकं या दिसण्याने होतं. कारण एकाच वेळी दोन माणसांचं काम करावं लागतं. एक जण काम करतो आणि दुसरा बाजूला उभा राहून 'कसं दिसतंय' ते तपासत असतो. आता तर हातात मोबाइल आहे. रांगोळीचा शेवटचा ठिपका जोडून होतो न होतो तोच फोटो निघतो आणि किती जणांना आवडली ते मोजायला आपण बसतो. रांगोळीकडे मात्र धड पाहिलेलं नसतं.

पहाटेचं गाणं

याउलट आपल्याच घरात एके काळी असं गाणं होतं, जे कोणालाही दाखवण्यासाठी नव्हतं. पहाटे, घर झोपलेलं असताना, बायका दळायला बसत. एका खुंट्याला दोघींचे हात, जात्याची घरघर हाच षड्ज आणि त्यावर ओवी. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, सीतेचं दुःख, पंढरीचा विठोबा, सगळं त्यात येई. दिवसा ज्या गोष्टी कोणापुढे बोलायची सोय नव्हती, त्या पहाटे जात्यापाशी बोलल्या जात. ऐकायला असे ती फार तर समोर बसलेली जाऊ किंवा नणंद, आणि तीही नुसती ऐकत नसे, पुढची ओवी तीच घेई.

हे गाणं किती अफाट होतं, हे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह केलेल्या कामातून कळतं. त्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या, आणि त्यातली एकही टाळीसाठी रचलेली नाही!

पिठाची गिरणी आली आणि दळणाचे कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते. पण त्या कष्टांबरोबर बाईची ती एकांताची जागाही गेली, आणि तिच्याऐवजी दुसरी कुठली जागा द्यायला हवी हे कोणाला सुचलं नाही.

याच जातकुळीतल्या बहिणाबाई चौधरी. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्म, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, ऐन तारुण्यात वैधव्य. शेतात राबताना, दळताना, चुलीपाशी त्या आपल्या बोलीत गाणी म्हणत. त्यांतली काही त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालं ते १९५२ साली. म्हणजे ज्या कवितांनी मराठी वाचक भारावून गेला, त्यांचं छापील पान कवयित्रीने पाहिलंच नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. गाणी सुचत होती तेव्हा यातलं काहीच दृष्टिपथात नव्हतं, आणि तरी एकेका गाण्यात अख्खं माणूस उतरलं आहे.

बंद दारामागचा सूरबहार

इथे कोणी म्हणेल, की या बायकांना व्यासपीठ मिळालंच नव्हतं, मग त्यांचं कौतुक काय? म्हणून एक वेगळं उदाहरण पाहू. अन्नपूर्णादेवींना व्यासपीठ मिळालं होतं.

मैहरचे थोर संगीतगुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची ही मुलगी. उस्ताद अली अकबर खाँ त्यांचे भाऊ, पंडित रविशंकर त्यांचे पहिले पती. त्या आधी सतार शिकल्या आणि मग वडिलांकडूनच सूरबहार. सूरबहार हे मोठं, गंभीर वाद्य. त्याला सतारीसारखी सर्वांची दाद मिळणार नाही, जाणकारांनाच ते रुचेल, याची कल्पना वडिलांनी आधीच दिली होती. ती घेऊनही त्यांनी सूरबहार हाती घेतला. जाहीर मैफलींत त्यांच्या वादनाची वाहवा झाली. आणि १९५० च्या दशकातच त्यांनी जाहीर वाजवणं थांबवलं.

त्यानंतर मुंबईतल्या आपल्या घरात त्यांनी साधना केली आणि शिष्य घडवले. पंडित निखिल बॅनर्जी त्यांच्याकडे शिकले, पंडित नित्यानंद हळदीपूर शिकले. पंडित हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे गेले तेव्हा बासरीवादक म्हणून आधीच नावाजलेले होते. नव्याने, अगदी पहिल्यापासून शिकायची आपली तयारी आहे हे पटवण्यासाठी त्यांनी बासरी धरायचे हात बदलले. ते उजव्याचे डावखुरे झाले! जमलेला हात सोडून अडखळणारा हात स्वीकारणं म्हणजे दाखवण्याजोगं सगळं उंबऱ्याबाहेर ठेवणंच. १९७७ साली अन्नपूर्णादेवींना पद्मभूषण मिळालं. २०१८ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

पण या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. आपल्या वादनाला मिळणारी दाद पतीला फारशी रुचत नसल्याचं जाणवलं, आणि मैफलींची आवड मुळात आपल्यालाही नव्हती, म्हणून आपण थांबलो, असं त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं. यातला पहिला भाग वाचून कोणत्याही स्त्रीच्या मनात कळ उठेल. संसार टिकावा म्हणून कलेवर पाणी सोडणाऱ्या बायका काही कमी नाहीत, आणि त्यागाच्या नावाखाली त्याचे गोडवे गायले जाऊ नयेत. अन्नपूर्णादेवींनी मैफल सोडली, वाजवणं सोडलं नाही, हे इथे महत्त्वाचं. सूरबहार माळ्यावर गेला नाही.

व्यासपीठ वाईट नाही

म्हणून 'टाळ्या वाईट, एकांत चांगला' असा सोपा निष्कर्ष काढू नये. ज्या काळात चारचौघांत गाणाऱ्या बाईकडे समाज तुच्छतेने बघत होता, त्या काळात हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. असं धाडस करणाऱ्या त्या अगदी पहिल्या गायिकांपैकी होत्या. त्यांच्यामुळे नंतरच्या कितीजणींची वाट सुकर झाली. ज्यांना आजवर बोलूच दिलं गेलं नाही त्यांच्यासाठी चारचौघांसमोर उभं राहणं हीच मुक्ती असते.

आणि मंचावर बसूनही 'दाखवणं' टाळता येतं. किशोरीताई आमोणकरांचंच घ्या. तरुणपणी त्यांचा आवाज गेला होता आणि बराच काळ त्यांना गाता आलं नव्हतं. त्या काळात गाण्याचा विचार मात्र चालूच राहिला. पुढे मैफलीत त्या श्रोत्यांशी कडक वागत. कुजबुज, ये-जा त्यांना खपत नसे. अनेकांना तो लहरीपणा वाटे. पण करमणूक करायला आपण बसलेलो नाही, रागाचा शोध घ्यायला बसलो आहोत, ही त्यांची भूमिका होती. श्रोत्याने त्या शोधात सोबत यावं, परीक्षक होऊन बसू नये, एवढीच अपेक्षा.

तेव्हा प्रश्न मंचावर असण्या-नसण्याचा नाही. बघणारं कोणी नसेल तरी आपण ही गोष्ट करू का, हा आहे. उत्तर 'हो' असेल तर ती गोष्ट आपली आहे. मग खुशाल चारचौघांत करावी, बक्षीसही घ्यावं. उत्तर 'नाही' असेल, तर थोडं थांबून विचार करायला हवा.

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट अगदी साधी. मुलांशी बोलताना 'दाखव' हा शब्द काही दिवस गाळून पाहा. पाहुण्यांसमोर मुलाने नाही म्हटलं तर त्याला लाजाळू ठरवू नका. ते एकटं गुणगुणत असेल तर कौतुकाने मोबाइल घेऊन धावू नका. जाता जाता ऐका आणि पुढे जा.

दुसरी गोष्ट स्वतःसाठी. दिवसातला अर्धा तास, किंवा आठवड्यातला एक तास, अशा एखाद्या कामाला द्या ज्याचा फोटो निघणार नाही आणि ज्याची परीक्षा नाही. गाणं, भरतकाम, चित्र, वहीत चार ओळी लिहिणं, काहीही. ते चांगलं जमलं पाहिजे अशी अट नको. पहिले काही दिवस फार अवघड जातील. 'बेसूर होतंय', 'या वयात काय हे' असं आतून कोणीतरी म्हणत राहील. ते सगळे जुने पाहुणेच आहेत. त्यांना बसू द्या, फक्त त्यांच्यासाठी गाऊ नका.

एकटीने जमत नसेल तर चौघींत बसा. गावोगावच्या भजनी मंडळांत हेच तर होतं. सगळ्याच गातात, नुसतं ऐकणारं कोणी नसतं. मंडळ स्पर्धेला गेलं तरी हरकत नाही, आठवड्याची बैठक मात्र स्पर्धेची तालीम होऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट घरच्या मंडळींसाठी. आई किंवा आजी आतल्या खोलीत गात असेल तर दाराशी जाऊन टाळ्या वाजवू नका आणि "आज काय विशेष?" अशी थट्टाही करू नका. तेवढा वेळ तिला हाक मारू नका, इतकं पुरे आहे. कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या कोणीतरी मोजाव्यात.

माळ्यावरची पेटी इतक्या वर्षांनी खाली काढाल तेव्हा तिचा भाता कदाचित फाटलेला असेल, दोन-चार पट्ट्या दाबल्या की वर येत नसतील. आवाजाचंही थोडंफार तसंच झालं असेल. पेटी दुरुस्त करणारे कारागीर अजून मिळतात. दुरुस्त करून आणा आणि दुपारी घर रिकामं असताना सा लावून बसा. कोणाला ऐकवायचंय, असं मन विचारेल. तोवर पुढचा सूर लावून झालेला असू द्या.